लेनियर तलावाखाली खरंच गाव आहे का? फोरसाइथ काउंटीची गोष्ट, पहिल्यापासून

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या अटलांटाच्या उत्तरेकडच्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे लेक लेनियरवर पॉन्टून बोट भाड्याने घेऊन दिवसभर हिंडायचा बेत. दुसरी म्हणजे आदल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ: या तलावाखाली ऑस्करव्हिल नावाचं कृष्णवर्णीयांचं भरभराटीचं गाव आहे, सरकारने ते मुद्दाम बुडवलं, आणि म्हणून दर वर्षी इथे माणसं बुडून मरतात. मग अर्धा ग्रुप ‘मुलांना पाण्यात सोडू नका’ म्हणतो, उरलेला अर्धा हसण्याचे इमोजी टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बोटीवर हजर असतात.

व्हिडिओत काही खरं आहे, काही खोटं आहे, आणि जे सगळ्यांत महत्त्वाचं आहे तेच नेमकं गाळलेलं आहे. आज कमिंग, जॉन्स क्रीक आणि अल्फारेटाच्या टापूत भारतीयांची एवढी वस्ती आहे, तेव्हा हा गुंता एकदा नीट सोडवून घ्यायला हरकत नाही.

आधी हे काउंटी प्रकरण

अमेरिकेतलं राज्य काउंट्यांमध्ये विभागलेलं असतं. जॉर्जियात अशा 159 काउंट्या आहेत, म्हणजे एकेक काउंटी आपल्या तालुक्याएवढी किंवा त्याहूनही लहान. पण अधिकार मात्र तालुक्यापेक्षा कितीतरी जास्त. काउंटीचा पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ, आणि तो लोकांच्या मतांवर निवडून येतो. कोर्ट काउंटीचं, जमिनीचे दस्त काउंटीच्या कोर्टात, शाळा आणि मालमत्ता कर काउंटीकडे. शेरीफला पुढच्या निवडणुकीत मतं हवी असतात ही गोष्ट लक्षात ठेवा, 1912 साली ती फार कामाची ठरणार आहे.

लेनियर तलावाच्या काठची फोरसाइथ काउंटी अटलांटापासून साधारण 50 किलोमीटर ईशान्येला आहे. तिच्यात रीतसर शहर म्हणावं असं एकच, कमिंग, आणि तेच मुख्य ठिकाण. बाकी सगळा भाग थेट काउंटीच्या कारभारात. त्यामुळे गंमत अशी होते की पत्त्यात ‘अल्फारेटा’ लिहिणारी हजारो घरं प्रत्यक्षात अल्फारेटा शहरात नाहीत, फोरसाइथमध्ये आहेत. तिथे राहणाऱ्यांनाही हे बरेचदा मालमत्ता कराचं बिल आल्यावर कळतं.

पहिली हकालपट्टी: 1832 ते 1838

ही जमीन चेरोकी लोकांची होती. 1829च्या सुमारास जवळच्या डहलोनेगा भागात सोनं सापडलं आणि गोऱ्या लोकांची रीघ लागली. चेरोकी अजून तिथेच राहत असताना जॉर्जिया राज्याने त्यांच्या जमिनीची मोजणी करून चौकोनी तुकडे पाडले आणि ते सरळ सोडतीने वाटून टाकले. सोडत म्हणजे अक्षरशः सोडत, चिठ्ठ्या काढून. ज्या भागात सोनं असण्याची शक्यता होती तिथले तुकडे 40 एकरांचे होते, आणि फोरसाइथ त्याच भागात मोडते. काउंटी स्थापन झाली 1832च्या डिसेंबरात. नाव जॉन फोरसाइथ यांचं, जे आधी जॉर्जियाचे गव्हर्नर होते आणि पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. 1838 साली सैन्याने उरलेल्या चेरोकींना छावण्यांत कोंडलं आणि पश्चिमेकडे हाकललं. त्या पायपिटीत हजारो माणसं मेली. चेरोकी गेले, डोंगराला सॉनी हे नाव तेवढं राहिलं. आज त्याच नावाची वीजसंस्था घरोघरी बिल पाठवते.

या सोडतीचा माग तुमच्या स्वतःच्या घरापर्यंत येतो. फोरसाइथमधल्या कुठल्याही घराचा खरेदीदस्त काढून बघा. जागेच्या वर्णनात ‘लँड लॉट’ आणि ‘डिस्ट्रिक्ट’चे क्रमांक असतात. ते क्रमांक 1832च्या मोजणीचे आहेत. परवा बांधलेल्या, दोन गाड्यांचं गॅरेज असलेल्या घराची ओळख सरकारदरबारी अजून त्या चिठ्ठीनेच पटवली जाते.

दुसरी हकालपट्टी: 1912

1910च्या जनगणनेत काउंटीत सुमारे 12 हजार माणसं होती. त्यातली 1,098 कृष्णवर्णीय. बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीवर कसणारे किंवा मजुरी करणारे, पण काहींच्या नावावर स्वतःची जमीन होती, स्वतःची चर्च होती, शाळा होत्या. कोणी शिक्षक, कोणी धर्मोपदेशक. गुलामगिरी संपून अर्धं शतक झालं नव्हतं, आणि तेवढ्यात त्यांनी हे उभं केलं होतं.

सप्टेंबर 1912मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. आधी एका गोऱ्या बाईने आपल्या घरात कृष्णवर्णीय माणूस शिरल्याची तक्रार केली. त्या प्रकरणाबद्दल काहीतरी बोलला म्हणून ग्रँट स्मिथ नावाच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला कमिंगच्या चौकात चाबकाने फोडून काढलं. त्यानंतर ऑस्करव्हिल भागात मे क्रो ही 18 वर्षांची गोरी मुलगी जंगलात जखमी आणि बेशुद्ध सापडली. दोन आठवड्यांनी ती गेली.

संशयावरून काही कृष्णवर्णीय तरुणांना पकडलं. त्यातल्या रॉब एडवर्ड्सला 10 सप्टेंबरला जमावाने कमिंगच्या तुरुंगातून बाहेर ओढलं, मारलं आणि चौकातल्या टेलिफोनच्या खांबाला लटकवलं. ज्यांनी हे केलं त्यांच्यापैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. शेरीफ निवडून आलेला होता आणि जमाव त्याच्या मतदारांचा होता.

उरलेल्यांपैकी अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल यांच्यावर लष्करी बंदोबस्तात खटला चालला. नॉक्स 16 वर्षांचा होता आणि त्याची कबुली धाकाखाली घेतलेली होती. ज्यूरी फक्त गोऱ्या पुरुषांची. 25 ऑक्टोबरला दोघांना फाशी दिली. फाशी लोकांसमोर देऊ नये असा हुकूम होता, म्हणून भोवती कुंपण घातलं होतं. आदल्या रात्री कुणीतरी ते जाळून टाकलं. हजारो माणसं डोंगरउतारावर बसून बघत होती.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट रात्री चालली होती. घोड्यांवरून टोळ्या निघत. ज्या घरात कृष्णवर्णीय राहतात तिथे जाऊन गोळीबार करत, दाराला धमकीच्या चिठ्ठ्या अडकवत, चर्च पेटवून देत. अमुक दिवसांत निघून जा, नाहीतर. ज्या गोऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या मजुरांना आसरा दिला त्यांनाही धमक्या आल्या. काही आठवड्यांत जवळजवळ सगळे, म्हणजे हजारावर माणसं, काउंटी सोडून गेली. बरीचशी चॅटाहूची नदीपलीकडच्या हॉल काउंटीत, गेन्सव्हिल गावात. 1920च्या जनगणनेत फोरसाइथमध्ये कृष्णवर्णीयांचा आकडा तीसच्या आसपास उरला होता.

मे क्रोच्या मृत्यूबद्दल संशय होता तो तिघा-चौघांवर, आणि जावं लागलं हजारावर माणसांना.

घरं-जमिनींचं काय झालं?

हा भाग किचकट आहे, पण सातबारा बघायची सवय असलेल्या माणसाला लगेच कळेल.

काहींना जाण्याआधी जमीन विकता आली, मिळेल त्या भावात. आठ दिवसांत गाव सोडायचंय हे खरेदीदारालाही ठाऊक असतं, तेव्हा भाव काय मिळणार! काहींना तेवढाही वेळ मिळाला नाही. त्यांच्या जमिनींबाबत काउंटीच्या दप्तरात विक्रीची नोंदच सापडत नाही. पुढे काही वर्षांनी मात्र तीच जमीन दुसऱ्याच्या नावावर दिसते. समजा सातबाऱ्यावर एका वर्षी एक नाव आहे, दहा वर्षांनी दुसरं आहे, आणि मधला फेरफारच नाही. असं दिसलं तर आपण पहिला प्रश्न काय विचारू?

तिथे हे घडायला कायद्याने वाट होती. तिला प्रतिकूल कब्जा म्हणतात. दुसऱ्याची जमीन तुम्ही उघडपणे, अखंड, ठरावीक वर्षं ताब्यात ठेवली आणि मूळ मालकाने दावा केला नाही, तर ती तुमची होते. जॉर्जियात ही मुदत 20 वर्षांची आहे, आणि हातात दिसायला बरा असा एखादा कागद असला तर 7 वर्षांची. शेजारी रिकामी जमीन कसायला लागला, कर भरायला लागला, आणि मूळ मालक समोर आला नाही. तो येणार कसा? आला तर जीव जाईल अशी व्यवस्था त्याच शेजाऱ्यांनी करून ठेवली होती. कायद्याच्या नजरेला फक्त एवढंच दिसलं की मालकाने हरकत घेतली नाही.

सगळ्याच जमिनी अशा गेल्या असं म्हणता येत नाही. काही व्यवहार रीतसर झाले, काही जण कर्जात होते आणि जमीन सावकाराकडे गेली. म्हणूनच हा प्रश्न एका वाक्यात निकाली निघत नाही. प्रत्येक दस्त वेगळा काढून बघावा लागतो, आणि पत्रकारांनी आणि संशोधकांनी तो तसा काढून बघितलेला आहे.

आणि मग तलाव

आता तारखा समोर ठेवा. हकालपट्टी 1912. चॅटाहूची नदीवरच्या ब्युफर्ड धरणाचं काम सुरू झालं 1950 साली. दरवाजे बंद करून पाणी अडवायला सुरुवात 1956मध्ये, आणि तलाव पूर्ण भरला 1959मध्ये. मध्ये चार दशकं गेली.

म्हणजे पाणी आलं तेव्हा ऑस्करव्हिलमध्ये बुडवायला कृष्णवर्णीय वस्ती शिल्लकच नव्हती. ती शेजाऱ्यांनी आधीच उठवली होती. ऑस्करव्हिल म्हणजे दुकानं-बँका असलेलं शहरही नव्हतं. विखुरलेल्या शेतघरांचा तो एक ग्रामीण पट्टा होता, गोरे आणि कृष्णवर्णीय दोघेही राहत असलेला. त्याचा सखल भाग पाण्याखाली गेला, बाकीचा आजही ब्राउन्स ब्रिज रस्त्याच्या आसपास कोरडा आहे.

धरण बांधलं आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सने, म्हणजे लष्कराच्या अभियंता विभागाने. पूर रोखणं, वीज आणि जलवाहतूक ही कारणं होती. अटलांटाला पिण्याचं पाणी हा आजचा सगळ्यांत मोठा उपयोग, आणि त्यावरून फ्लोरिडा आणि अलाबामा या शेजारी राज्यांशी जॉर्जियाची कित्येक वर्षं कोर्टबाजी चालली. धरणासाठी सुमारे 50 हजार एकर जमीन विकत घेतली आणि साधारण 700 कुटुंबं हलवली. त्यातली फोरसाइथमधली कुटुंबं गोरी होती, हे वेगळं सांगायला नको. त्यांचंही दुःख होतं. नदीकाठची काळी माती गेली, पिढ्यांचे गोठे गेले, मिळालेला मोबदला कमी वाटला. धरणग्रस्तांचं हे गाऱ्हाणं मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्यांना मोबदला मिळाला होता, नोटीस मिळाली होती, आणि सामान बांधायला वेळ मिळाला होता.

“पण तळाशी घरं आहेत म्हणतात ना?”

अख्खं गाव, चर्चचा कळस, रस्त्यावरचे दिवे, असं काही खाली उभं नाही. पाणी सोडण्याआधी बहुतेक इमारती पाडल्या किंवा हलवल्या. माहीत असलेली थडगी दुसरीकडे नेली. ज्या थडग्यांवर दगडच नव्हता अशी काही राहून गेली असतील, आणि गरिबांच्या, विशेषतः गुलामीच्या काळातल्या थडग्यांवर दगड क्वचितच असे. पायाचे दगड, जुने पूल आणि रस्त्यांचे तुकडे मात्र आहेत. गेन्सव्हिलजवळ मोटारींच्या शर्यतीचं एक मैदान बुडालं होतं. 2007च्या दुष्काळात पाणी उतरलं आणि त्याच्या प्रेक्षकांच्या काँक्रीटच्या पायऱ्या वर आल्या. लोक जाऊन त्यांवर बसून आले.

“आणि माणसं बुडतात, ते?”

बुडतात, हे खरं आहे. 1994पासून 200च्या वर मृत्यूंची नोंद आहे. पण या तलावावर वर्षाला एक कोटीच्या आसपास भेटी होतात. किनारा 692 मैलांचा. धरणाजवळ खोली दीडशे फुटांवर. पाणी गढूळ, हातभर खालचं दिसत नाही. तळाशी तोडलेल्या आणि न तोडलेल्या झाडांचे बुंधे. काठ कधी हळूहळू उतरतो तर कधी एकदम कडा. यात बियर, रात्रीची बोट आणि ‘लाइफ जॅकेट कशाला, मला पोहता येतं’ हे मिळवा. भुताची गरज उरत नाही.

भुताची गोष्ट मात्र आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. 1958 साली दोन बायकांची गाडी पुलावरून तलावात गेली. पुढच्या वर्षी एक प्रेत वर आलं, पण कुणाचं ते तेव्हा पटलं नाही. गाडी सापडली थेट 1990मध्ये, पुलाच्या नव्या कामाच्या वेळी, आत दुसरीचे अवशेष. मधल्या तीस वर्षांत निळ्या झग्यातल्या ‘लेडी ऑफ द लेक’च्या कथा भरपूर पिकल्या. अशा तलावाला भूत चिकटणारच.

मग खरी गोष्ट अशी उलटी का झाली?

मला वाटतं यात फक्त समाजमाध्यमांचा दोष नाही. बुडालेल्या गावाची गोष्ट सांगायला सोपी आहे. त्यात दोषी कोण, तर सरकार आणि पाणी. सरकार दूर असतं, पाण्याला नाव-गाव नसतं. खऱ्या गोष्टीत मात्र नावं आहेत. कुणाच्या आजोबांनी दारावर चिठ्ठी लावली, कुणाच्या पणजोबांनी रिकामं शेत नांगरलं. ती आडनावं आजही काउंटीच्या रस्त्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर आहेत.

गावातल्या आठवणी दोन प्रकारच्या राहिल्या. गोऱ्या घरांमध्ये ‘ते निघून गेले’ एवढंच सांगितलं जाई, जणू पक्षी स्थलांतर करतात तसे गेले. कित्येक घरांत तेवढंही नाही. नदीपलीकडे गेन्सव्हिलमध्ये आणि अटलांटात मात्र वंशजांच्या घरी नेमकी शेतं सांगितली जात, कुठल्या ओढ्याच्या काठी, कुणाच्या शेजारी. दोन्हीकडच्या आठवणी जनगणनेच्या तक्त्यांशी, दस्तांशी आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांशी ताडून बघितल्यावर दुसऱ्या बाजूचं पारडं जड ठरतं. व्हिडिओ करणाऱ्यांचा राग खरा आहे, पण त्यांनी तो चुकीच्या वर्षावर आणि चुकीच्या माणसांवर काढला. त्यामुळे 1912चे लोक आयतेच सुटले.

“त्या काळी सगळीकडेच असं होतं”

हा आक्षेप हमखास येतो. झुंडबळी दक्षिणेत ठिकठिकाणी झाले, हे खरं. इतर काउंट्यांतूनही कृष्णवर्णीयांना हाकललं गेलं. पण शेजारचीच हॉल काउंटी बघा. तिथेही 1912च्या त्याच हंगामात तसे प्रयत्न झाले, आणि तिथे काही हल्लेखोरांना अटक झाली. तिथल्या गिरण्यांना आणि घरांना कामगार हवे होते, हे त्यामागचं एक कारण असेल. काही असो, गेन्सव्हिलची कृष्णवर्णीय वस्ती टिकली. तोच काळ, तोच कायदा, मध्ये फक्त नदी.

शिवाय फोरसाइथचं वेगळेपण हकालपट्टीत कमी आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत जास्त आहे. लोकांना बाहेर काढणं अनेक ठिकाणी झालं, पण इतकी वर्षं बाहेर ठेवणं फार थोड्यांनी केलं. अशा गावांना ‘सनडाउन टाउन’ म्हणतात: कृष्णवर्णीय माणसाने सूर्य मावळायच्या आत तिथून निघून जायचं. 1980च्या उन्हाळ्यात कंपनीच्या सहलीसाठी लेनियरवर आलेल्या अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय अग्निशमन कर्मचाऱ्यावर परत निघताना गोळी झाडली गेली. तो वाचला, दोघांना शिक्षा झाली. हे 1912 नव्हे. अनेक वाचकांच्या जन्मानंतरची ही गोष्ट आहे.

1987: टीव्हीवर आलेली काउंटी

1987च्या जानेवारीत मार्टिन लुथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीनिमित्त काउंटीत बंधुत्वाचा मोर्चा काढावा अशी कल्पना एका गोऱ्या रहिवाशाने मांडली. हा माणूस कराटे शिकवायचा. त्याला इतक्या धमक्या आल्या की त्याने माघार घेतली. मग दुसऱ्यांनी ती उचलली आणि किंग यांचे जुने सहकारी होझिया विल्यम्स पुढे झाले. 17 जानेवारीला सुमारे 90 लोक चालायला निघाले. समोर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटनेचे आणि त्यांच्या पाठीराख्यांचे 400 लोक, दगड आणि बाटल्या घेऊन. मोर्चा अर्ध्यात थांबवावा लागला.

टीव्हीवर हे सगळ्या देशाने पाहिलं. पुढच्याच शनिवारी, 24 जानेवारीला, सुमारे 20 हजार लोक आले. त्यांत नागरी हक्क चळवळीतली मोठी नावं होती: किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग, जेसी जॅक्सन, अँड्र्यू यंग, जॉन लुइस. विरोधात सुमारे 1 हजार. मध्ये पोलीस आणि नॅशनल गार्डचे राखीव सैनिक मिळून 3 हजारांवर. थोड्याच दिवसांत ऑप्रा विन्फ्रीने कमिंगमध्ये येऊन आपला कार्यक्रम केला. त्यात फक्त काउंटीचे रहिवासी प्रेक्षक होते, म्हणजे अर्थातच सगळे गोरे. तो कार्यक्रम आजही पाहायला मिळतो. काही जण उघड विष ओकतात, काही लाजतात, आणि काही आपल्याच शेजाऱ्यांशी तोंडावर भांडतात. काउंटी म्हणजे एकच तोंड नव्हतं, हे त्यात दिसतं.

दगडफेकीबद्दल मोर्चेकऱ्यांनी दिवाणी दावा लावला. ज्यूरीने क्लॅनच्या संघटनांवर आणि काही व्यक्तींवर जवळजवळ 10 लाख डॉलरची भरपाई बसवली. 1993च्या तडजोडीत क्लॅनची एक मोठी संघटना बंदच करावी लागली आणि तिच्या कार्यालयातलं सामान नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेला द्यावं लागलं.

पोलिसांचं बिल कोणी भरायचं?

त्या दुसऱ्या मोर्च्याच्या बंदोबस्ताला 6 लाख 70 हजार डॉलरच्या वर खर्च आला. काउंटीच्या वाट्याला त्यातला थोडाच आला, तरी तिने लगेच नियम केला: मोर्च्याच्या परवान्याला दिवसाला 1 हजार डॉलरपर्यंत शुल्क, किती ते अधिकारी ठरवणार. पुढे वर्णवर्चस्ववादी ‘नॅशनलिस्ट मूव्हमेंट’ने किंग यांच्या सुट्टीविरोधात सभा घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांना 100 डॉलर सांगितले. ते कोर्टात गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1992मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी काउंटी हरली.

कोर्टाचं म्हणणं सोपं होतं. बंदोबस्त जास्त कधी लागतो? बोलणाऱ्याचं बोलणं लोकांना नकोसं असतं तेव्हा. मग बंदोबस्तावरून शुल्क ठरवलं तर नकोसं बोलणाऱ्याला भाषण महाग पडणार. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात हे बसत नाही. नियम जन्मला समतेच्या मोर्च्यामुळे आणि मोडला वर्णद्वेष्ट्यांच्या अर्जावर. निकाल मला पटतो. कारण अधिकाऱ्याच्या मर्जीचं शुल्क त्या 90 लोकांनाही लागलं असतं, आणि त्यांच्यापुढे तर 400 दगडवाले होते.

चारशे नंबरचा रस्ता

एवढं होऊनही 1990च्या जनगणनेत काउंटीच्या 44 हजार लोकांत कृष्णवर्णीयांचा आकडा दोन अंकी होता. चित्र पालटलं ते रस्त्यामुळे. जॉर्जिया 400 हा महामार्ग 1970च्या दशकात इथवर आला होता. 1993मध्ये तो अटलांटा शहराच्या आतल्या रस्त्यांना जोडला गेला. कोंबड्यांच्या शेडची जागा घरांच्या वसाहतींनी घेतली. लोकसंख्या 2000 साली 98 हजार, 2010 साली पावणेदोन लाख, 2020 साली अडीच लाख. उत्पन्नात ही काउंटी आज राज्यात सगळ्यांत वरच्या रांगेत आहे.

2020मध्ये यातले सुमारे 18 टक्के आशियाई होते, आणि त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा. अल्फारेटाच्या आयटी नोकऱ्या आणि लँबर्ट, साउथ फोरसाइथ, डेन्मार्क यांसारख्या शाळा ही त्याची कारणं प्रत्येक मराठी घरात तोंडपाठ आहेत. कृष्णवर्णीयांचं प्रमाण मात्र 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 1910मध्ये होतं त्याच्या निम्म्याहून कमी. वसाहतींमधली वेगवेगळ्या वर्णांची गर्दी बघून ‘आता सगळं बदललं’ म्हणणाऱ्यांनी हा आकडाही बघावा.

“आम्ही तर परवा आलो, आमचा काय संबंध?”

अपराधाचा संबंध नाही, हे स्पष्ट आहे. पुण्याहून किंवा सांगलीहून 2015मध्ये आलेल्या माणसाने 1912चं ओझं कशाला वाहायचं? पण घर घेताना आपण टायटल इन्शुरन्स घेतो, म्हणजे मागच्या मालकीत काही खोट निघाली तर भरपाई मिळावी म्हणून विमा. फोरसाइथमध्ये त्या मागच्या मालकीच्या साखळीत काही ठिकाणी 1912 आहे. सगळ्या साखळ्यांत 1832 आहे. आज कुणी येऊन तुमचं घर मागणार नाही. प्रतिकूल कब्जाच्या मुदती केव्हाच संपल्या, आणि कोर्टात जायची वाट बंद आहे. 1987मध्ये नेमलेल्या दोन्ही वर्णांच्या समितीतही जमिनींच्या प्रश्नावर एकमत झालं नाही. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सदस्यांनी आपापली मतं वेगळी दिली.

कायद्याची वाट बंद झाल्यावर थोडं काही बाहेरून झालं. जानेवारी 2021मध्ये कमिंगच्या मध्यवर्ती भागात रॉब एडवर्ड्सच्या हत्येची आणि त्यानंतरच्या हकालपट्टीची माहिती देणारा फलक लागला. 2022पासून स्थानिक चर्चच्या मंडळींनी हाकललेल्या कुटुंबांच्या वंशजांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. पैसे देणगीचे आहेत, काउंटीच्या तिजोरीतले नाहीत.

तर ग्रुपवर पुढचा व्हिडिओ येईल तेव्हा दोन वर्षं टाकून द्या, 1912 आणि 1956. आणि बोटीवर लाइफ जॅकेट घाला. कमिंगला जेवायला किंवा कोर्टाच्या कामाला गेलात तर तो फलक वाचायला पाच मिनिटं लागतात. मजकूर दोन्ही बाजूंना आहे.